पिल्लं कडेला सरकली

"हा डाग कशाचा गं?" रोहिणीने विचारलं.

"वाफेचा," हर्षला म्हणाली.

इतकंच झालं. प्रश्न आणि उत्तर यांच्यात श्वासाएवढीही फट नव्हती. भिंतीजवळच्या खुर्चीत पोरीची सॅक आणि स्कार्फ मांडीवर घेऊन बसलेल्या नीलेशने काहीतरी बोलायला तोंड उघडलं होतं. ते तसंच उघडं राहिलं, आणि मग जांभई आल्यासारखं करून त्याने ते मिटलं. खाली भांड्यांच्या दुकानात कुणीतरी एकात एक घट्ट बसलेली पातेली आपटून सोडवत होतं. रोहिणी हर्षलाच्या डाव्या गालावर वाकली होती, हात न लावता, नुसती बघत. रोहिणी डॉक्टर नव्हती. डॉक्टरमॅडम पनवेलहून शनिवारी यायच्या आणि बाकीचे दिवस कर्जतच्या या वरच्या मजल्यावर मशीन रोहिणीच चालवायची. पण डाग बघताना तिची मान मॅडमसारखीच तिरकी व्हायची.

"वाफेचा असा? एकाच गालाला?"

"तोंड कललं होतं."

"हे बघ, चटका बसून खोलवर भाजलेलं असेल तर मी लाइट देणार नाही हां. मॅडमची सक्त ताकीद आहे. आधी त्या बघणार, मग महिना-दीड महिना नुसतं मलम. वाफेचं वरवर असतं, ते चालतं. नक्की वाफच ना?"

"नक्की."

मग रोहिणीने मान वळवली. "काका? वाफच ना?"

"हां," नीलेश म्हणाला. आणि तेवढ्यावर थांबता आलं असतं, पण त्याला थांबता आलं नाही. "पातेल्यातली. निलगिरीचं तेल टाकून घेतलीन. सर्दी झालेली."

सर्दी झालीच नव्हती. निलगिरीचं तेल घरात नव्हतं. आपल्या तोंडातून ते तेल कुठून आलं, हे त्याला कळेना. पण रोहिणीचं समाधान झालं, आणि हर्षलाने, बेडवर पाठ टेकता टेकता, डोळे वर करून एकदाच त्याच्याकडे पाहिलं. त्या पाहण्यात काय होतं ते तो शोधेपर्यंत तिच्या डोळ्यांवर काळ्या वाट्यांचा चष्मा बसला होता.

खोली निळी झाली. भिंत निळी, चादर निळी, रोहिणीचा पांढरा कोट निळा, नीलेशच्या मांडीवरचा लाल स्कार्फ मात्र काळा. मशीनची तीन पानं हर्षलाच्या तोंडाभोवती उघडी होती, पुस्तकात तोंड घालून कुणी झोपावं तशी. ही वेळ नीलेशची होती. हे त्याने कुणाला सांगितलं नव्हतं, बायकोला, संजनालाही नाही. मंगळवारचं सिटिंग जवळ आलं की कशेळ्याच्या कोंबड्यांच्या शेडवर खाद्याची पोती उतरवताना त्याच्या छातीत काहीतरी हलकं व्हायचं, ते लाइटने पोरीचं तोंड बरं होईल म्हणून नव्हे. ते या निळ्या वेळेसाठी. कारण घरी हर्षलाचं तोंड दिसत नव्हतं. दिवाळीपासून ती घरातही स्कार्फ बांधून वावरत होती. जेवायला आत, भिंतीकडे तोंड करून. कुणी आलं की मोरीत. बारावीचं वर्ष, सायन्स, आणि कॉलेजला शेवटची गेली तेव्हा वर्गातल्या कुणीतरी तिच्या फोटोवर काहीतरी काढून ग्रुपवर टाकलेलं. काय काढलेलं ते तिने सांगितलं नाही. "तोंड बरं झालं की जाते," एवढंच. इथे मात्र तिला स्कार्फ सोडावा लागायचा, चष्मा लावावा लागायचा, आणि आपल्याला कोण बघतंय हे तिला दिसत नसायचं. मग नीलेश बघायचा. कपाळ. भुवया, संजनासारख्या जोडलेल्या. नाक. मुरुमांनी भरलेले गाल, हनुवटी, आणि त्या सगळ्यांतून अजून वर येत असलेलं, पाळण्यातलं म्हणून त्याला ओळखीचं असलेलं तोंड. चोरासारखं बघायचा. बाप चोरून पोरीचं तोंड बघतो. हे वाक्य मनात आलं की तो खाली मान घालायचा, आणि मग पुन्हा बघायचा.

आज तो डाव्या गालाकडे बघत नव्हता. उजव्या गालाकडे बघत होता. निळ्या उजेडात डाग दिसत नाही, असं त्याने स्वतःला सांगितलं. दिसत होता. कानाच्या पाळीपासून ओठाच्या कोपऱ्यापर्यंत, कडेला गडद, मधे फिका, जुन्या गादीवर पाणी सांडून वाळलं की राहतो तसा. निळ्यात तो जांभळट दिसत होता. तो डाग कशाचा हे या खोलीतल्या तिघांपैकी दोघांना माहीत होतं.

वाफेचा.

हिने खोटं का सांगितलं? नीलेशने मनातल्या मनात हा प्रश्न धरून ठेवला, कारण उत्तर त्याला हवंसं होतं. आपल्यासाठी. बापासाठी. बाप समोर खुर्चीत बसलाय, परक्या बाईसमोर त्याची लाज जाऊ नये म्हणून. घरीही तिने आईला हेच सांगितलं होतं, वाफ, पातेलं, तोंड कललं. त्या रात्री संजना सगळ्या घरावर चिडली, पातेल्यावर चिडली, आणि नीलेश ताटावर मान घालून भात कालवत राहिला. म्हणजे ही पोर दोनदा खोटं बोलली. दोनदा आपल्याला झाकलंन. ज्या पोरीने स्वतःचं तोंड झाकायला घेतलंय, ती बापाचं तोंडही झाकते. हे विचार इतके गोड होते की त्याला त्यांची भीती वाटली. शेडमध्ये पहिल्या आठवड्यात पिल्लांची मरतूक एकदम थांबते ना, तेव्हा वाटते तशी भीती.

बापाचं तोंड. त्यावरून हात फिरवला की बोटांना खड्डे लागतात, अजूनही. शाळेत त्याला चाळण म्हणायचे. "ए चाळण, पीठ चाळ रं जरा." कशेळ्याहून कर्जतला येणाऱ्या जीपचा क्लीनर म्हणायचा, "पुढं बसव रं त्याला, खडीचा रस्ता हाय, त्याची त्याला सवय हाय." सगळी जीप हसायची आणि तोही हसायचा, हसल्याशिवाय सीट मिळत नसे. संजनाला बघायला साजगावला गेले तेव्हा त्याने पावडर लावली होती, घामाने तिची खड्ड्याखड्ड्यांत कणीक झाली. संजनाचा भाऊ दारात, ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला, "पोरगा कष्टाळू हाय, शेती हाय. तोंड काय चाटायचंय?" त्यावर म्हाताऱ्या हसल्या आणि लग्न ठरलं. संजना आजवर त्याच्या तोंडाबद्दल चांगलं-वाईट एक अक्षर बोललेली नाही. कधीकधी त्याला वाटतं, एकदा तरी बोलायला हवं होतं. मग हर्षला झाली. पाचवीला शेजारची गौराबाई बाळ हातात घेऊन दिव्याजवळ गेली, इकडून तिकडून बघितलंन आणि ओरडली, "बापाच्या तोंडाची हाय गं! बापाच्या तोंडाची पोर सुखाची." सगळ्या बायकांनी मान डोलावली. नीलेश दाराबाहेर उभा होता. त्याने ते ऐकलं, आणि आनंदाने गाय हंबरावी तसा काहीतरी आवाज त्याच्या घशातून निघाला आणि

"आता लाल," रोहिणी म्हणाली.

खोली लाल झाली. स्कार्फ पुन्हा आला. हर्षलाचं तोंड एकदम गुळगुळीत झालं. मुरूम गेले, डाग गेला, सगळं एकाच रंगाचं, उन्हातून डोळे मिटल्यावर पापणीच्या आत दिसतं तसं. "निळा जंतू मारतो, लाल भरून आणतो," असं पहिल्याच दिवशी रोहिणीने समजावलं होतं. आणि नीलेशने विचारलं होतं (हे तो विसरू शकला असता तर बरं झालं असतं), त्याने स्वतःच्या तोंडाने विचारलं होतं, "गरम लागतं का?" आणि ती म्हणाली होती, "छे, काका. अजिबात नाही. नुसता उजेड."

नुसता उजेड.

लाल उजेड त्याला नवा नव्हता. भाताच्या खाचरात शेड घातली तेव्हा सुरुवातीला त्याने गावरान कोंबड्या केल्या होत्या. पिसं फुटायच्या वयात त्या एकमेकींना टोचायला लागल्या. एकीला जरा रक्त आलं की सगळ्या तिच्यावर. सकाळी जावं तर जाळीशी एखादी पडलेली, पाठ उघडी, आणि बाकीच्या चोची पुसत फिरताहेत, जणू काही झालंच नाही. पिल्लं पुरवणाऱ्या कंपनीचा सुपरवायझर आला, बघितलं, म्हणाला, "लाल लाइट लावा. लालात त्यांना रक्त दिसत नाही. दिसलं नाही की टोचत नाहीत." लावले. टोचणं थांबलं. जखमा होत्या तिथेच होत्या. कुणाला दिसत नव्हत्या इतकंच. हे तेव्हा त्याला फार हुशारीचं वाटलं होतं. आता या खोलीत खुर्चीवर बसून समोरच्या गुळगुळीत तोंडाकडे बघताना त्याला वाटलं, हाही तसलाच लाइट असेल. बरं काही करत नसेल. पोरींना घटकाभर रक्त दिसू देत नसेल. मग बाहेर ऊन असतं. मग पुन्हा मंगळवार.

नाही, हे बोलणं बरोबर नाही. मुरूम कमी झाले होते. खरंच झाले होते, तो डाग पडण्याआधी. कपाळ जवळजवळ स्वच्छ. संजनाने देवासमोर साखर ठेवली होती. हर्षला एकदा, एकदाच, स्कार्फशिवाय ओट्यावर येऊन बसली होती, नखं कापत. नीलेश भाताच्या पेंढ्याआड उभा राहिला, पुढे गेला नाही. मांजर दूध पीत असताना कुणी हलत नाही तसा.

मग थंडीत नवीन पिल्लांची गाडी आली. पिल्लं आली की पहिले पंधरा दिवस शेड सोडता येत नाही. थंडी लागली की ती एकावर एक चढतात आणि खालची गुदमरतात. मंगळवार गेला. पुढचाही गेला. संजना तेवढ्यात साजगावला भावाकडे, त्याच्या पोराच्या साखरपुड्याला. हर्षलाला एकटी जा म्हटलं तर ती जीपमध्ये बसायला तयार नाही. त्या दुसऱ्या मंगळवारनंतर तिसऱ्या दिवशी दुपारी ती शेडच्या दाराशी आली, स्कार्फ नाकावर, डोळे सुजलेले. "परत यायला लागलंय. हनुवटीवर बघा. तुमच्या कोंबड्यांपायी माझं सगळं परत येणार." आणि नीलेश, तुसात उकिडवा बसलेला, डोक्यावर पिल्लांना ऊब देणारे लाल बल्ब साखळीला लोंबताहेत, म्हणाला,

काय म्हणाला? हे त्याने इतक्यांदा मनात म्हटलंय की आता शब्द सुटे सुटे झालेत.

म्हणाला, "लाल लाइटच ना पायजे? मग हितं काय कमी हाय?"

असं गमतीत म्हणाला. किंवा गमतीत नाही. ती हसावी म्हणून म्हणाला, आणि ती हसली. स्कार्फच्या आतून, नाकातून फुस्स करून, लहानपणी हसायची तसं. कितीतरी महिन्यांनी. त्या हसण्यावर माणूस काय करणार नाही? त्या हसण्यावर तिने "खरंच की" म्हटलं, आणि त्यानेही मनात "खरंच की" म्हटलं. लाल तो लाल. तिथे मशीनमधला, इथे साखळीवरला. त्याने रिकामी पोती झटकली, पत्र्याच्या गोल कड्यात, पिल्लांच्या मधे अंथरली. ती झोपली. स्कार्फ काढून घडी करून उशाला घेतलंन. पिल्लं तिच्या हातापायांवरून चालायला लागली, एक तिच्या केसात शिरलं, ती पुन्हा हसली. त्याने बल्ब खाली घेतला. "अजून खाली घ्या, पप्पा." अजून एक कडी. "अजून." ती कूस वळून उजव्या अंगावर पडली होती, डावा गाल वर.

पहिली गोष्ट अशी की मग खाद्याचा टेंपो आला आणि तो पोती उतरवायला गेला, आणि तिला झोप लागली.

दुसरी गोष्ट अशी की तिला झोप लागली नव्हती. ती जागी होती. नंतर, गाल ताकाने भिजवताना, ती म्हणाली होती, "भाजत होतं. मला वाटलं भाजतंय म्हणजे लागू पडतंय." त्या वयात सगळ्याच गोष्टींबद्दल असं वाटतं. त्यालाही वाटलं होतं, एके काळी, तोंडाला कडुलिंब आणि चुना चोळताना.

तिसरी गोष्ट कुणाला माहीत नाही. टेंपोकडे जाताना तो दाराशी थांबला होता आणि मागे वळून बघितलं होतं. मुद्दाम, डोळे भरून, कारण तोंड उघडं होतं. आणि तेव्हा त्याला दिसलं की पिल्लं कडेला सरकली आहेत. सगळी. तिच्या अंगावरची, केसातली, सगळी गोल कड्याच्या पत्र्याला चिकटून बसलेली, चोची उघड्या, पंख अंगापासून सोडलेले. याचा अर्थ शेडवर राबणाऱ्या पोराटोरालाही कळतो. थंडी असली की पिल्लं बल्बखाली गोळा होतात, धग जास्त झाली की लांब पळतात. पिल्लं हाच थर्मामीटर. नीलेश दिवसातून किती वेळा याच नजरेने बघतो आणि साखळी वर-खाली करतो, झोपेतही करील. त्या दुपारीही त्याने बघितलं. बघितलं आणि त्याला वाटलं, लाजली. माणूस मधे झोपलंय म्हणून बुजली बिचारी. आपल्या हर्षूला जागा करून दिली. त्याला ते इतकं छान वाटलं. मधे पोर, भोवती गोल पिवळी पिल्लं, सगळीकडे लाल उजेड. देवाच्या फोटोत असतं तसं. तो हसला आणि पोती उतरवायला गेला.

हेच. हे सांगायचं तर कसं सांगायचं? बल्बने भाजलं, हे सांगता येईल. अडाणीपणा झाला, हेही. पण पिल्लं सांगत होती, मला ती भाषा येत होती, आणि मी ती ऐकून हसलो. का, तर माझ्या पोरीचं तोंड दिसत होतं.

रोहिणी मोबाइल बघत होती. लाल उजेडात तिचा अंगठा वर-खाली होत होता. नीलेशच्या मनात आलं, आत्ता. आत्ताच सांगायला पाहिजे. भाजलेल्या कातडीवर लाइट चालत नाही. या बाईने दोनदा विचारलं आणि आपण निलगिरीचं तेल ओतलं. आत काय होत असेल त्या गालात? भरून येत असेल, की कच्ची कातडी आतल्या आत शिजत असेल? गरम लागत नाही, नुसता उजेड. पण चालत नाही म्हणाली. का चालत नाही ते तिने सांगितलं नाही. सांगायला दोन शब्द पुरे: वाफ नव्हती. मग लाइट बंद होईल. चष्मा निघेल. हर्षलाचे डोळे दिसतील. ती ज्या नजरेने बघेल ती नजर तो आधीच ओळखत होता, कारण ती त्याचीच होती, आरशातली. दीड महिना नुसतं मलम. दीड महिन्यात प्रॅक्टिकल परीक्षा होऊन जाते. "तुमच्या कोंबड्यांपायी." आणि तिने आपल्याला झाकलं, दोनदा, ते आपण परक्या बाईसमोर उघडं पाडायचं? पोरीला खोटारडी ठरवायची? बघा, किती पटकन ते तिच्यासाठी झालं. न सांगणं तिच्यासाठीच. माणसाच्या मनात सगळे रस्ते असे उताराचेच कसे असतात?

तो उठला. सॅक मांडीवरून घसरून धप्पकन पडली. रोहिणीने वर बघितलं.

"काय झालं, काका?"

पानांच्या आत हर्षलाचं तोंड हललं नाही. पण चादरीवरची तिची बोटं हलली. मुठीत गेली.

"पंखा," नीलेश म्हणाला. "पंखा जरा कमी करू काय? तिला गारठा लागंल."

"नाही हो. बसा. होतच आलंय."

तो बसला. मुठी सुटल्या. ते त्याने बघितलं, आणि त्यालाही सुटल्यासारखं वाटलं, आणि त्या सुटकेत ते दोघं क्षणभर एकत्र होते, बाप आणि पोर, एकाच खोट्याच्या दोन टोकांना धरून. नंतर, त्या आठवड्यात, शेडवर, रस्त्यावर, जेवताना, तो या क्षणाकडे परत परत जाणार होता. फोडलेल्या नारळात पाणी उरलंय का बघावं तसं. मुठी सुटल्या होत्या ना? सुटल्या होत्या.

लाइट बंद झाला. खोलीचा खरा रंग आला, मळकट पिस्ता. रोहिणीने पानं बाजूला केली, चष्मा काढला, आणि डावा गाल पुन्हा बघितला. या वेळी बराच वेळ.

"हा डाग राहणार गं थोडा," ती म्हणाली, वाईट वाटून, पण फार नाही. "शनिवारी मॅडमना दाखव एकदा. बाकी मुरुमांचं म्हणशील तर..." आणि ती बोलता बोलता थांबली आणि तिने नीलेशकडे बघितलं. तोंडाकडे. एका गालाकडून दुसऱ्या गालाकडे, हळू, डाग बघताना मान व्हायची तशी तिरकी मान. "काका, तुम्हाला पण याच वयात आले असतील ना? बापावर गेलीये पोरगी. असं असलं की जरा चिवट असतं. करत राहायचं." तिने हसून हर्षलाच्या खांद्यावर थोपटलं. "पुढच्या मंगळवारी वेळेत ये."

जिना अरुंद होता. नीलेश पुढे, हर्षला मागे, स्कार्फ बांधत. कडेच्या भिंतीवर पान थुंकलेलं. अर्ध्या जिन्यात तो थांबला. खाली गेलं की रस्ता, गाडीचा आवाज, मग ती मागच्या सीटवर आणि हा पुढे, बोलणं नाही.

"हर्षू."

"काय?"

"तू सांगितलं का नायस? बल्बचं."

ती दातात पिन धरून होती. पिन काढून स्कार्फमध्ये खोवलीन. "सांगितलं असतं तर लाइट दिला नसता ना त्यांनी. ऐकलं ना तुमी? दीड महिना."

"तेवढ्यासाठीच?"

"मग कशासाठी?"

तिने खरंच विचारलं होतं. तिच्या डोळ्यांत, तेवढेच दिसत होते, खरोखर प्रश्न होता. तो उत्तर देईल म्हणून ती थांबलीसुद्धा.

"मला वाटलं," तो म्हणाला.

"काय वाटलं?"

"काय नाय. घरी आईला पन वाफच सांगितलंस, म्हनून."

"आईला सांगितलं असतं तर तिनं शेडवर येऊन तमाशा केला असता, आनि मग क्लिनिकला फोन लावला असता. झालंच मग." ती एक पायरी उतरली, त्याच्या बरोबरीला आली. "पप्पा, तुमी उगाच मनाला लावून घेऊ नका. तुमचा काय संबंध त्यात? मीच झोपले ना बल्बखाली."

तुमचा काय संबंध. तिने हे समजुतीने म्हटलं, घरातल्या आजारी माणसाशी बोलतात तसं. रागावली असती, ओरडली असती, माझ्या तोंडाची वाट लावलीत म्हणाली असती, तर त्याला कुठेतरी उभं राहायला जागा मिळाली असती. आरोपीला पिंजरा तरी असतो. नीलेशने जिन्याच्या कठड्यावर हात ठेवला. लोखंड गार होतं.

"आनि ऐका ना," ती म्हणाली. खाली, रस्त्याकडे बघत. "पुढच्या वेळी वर येऊ नका. खालीच थांबा."

"का गं?"

"असंच."

"असंच म्हंजे?"

"तुमी समोर बसता ना. त्या माझ्याकडं बघतात, मग तुमच्याकडं बघतात. मग त्यांना वाटतं, हे काय जायचं नाय. तुमाला दिसतं ना, कशा बघतात?" तिने स्कार्फ नाकावर ओढला. "मग मला पन तसंच वाटतं. आत पडल्या पडल्या. चष्मा असला तरी मला कळतं तुमी बघताय ते."

कळतं. सगळे मंगळवार तिला कळत होतं.

"बरं," तो म्हणाला.

"राग आला?"

"नाय गं. खाली थांबतो. चल, ऊन व्हईल."

पुढच्या मंगळवारी त्याने गाडी भांड्यांच्या दुकानासमोर नेलीच नाही. अलीकडच्या कोपऱ्यावर थांबवली. तिने सांगितलं नव्हतं, पण तो थांबला आणि तिने का म्हणून विचारलं नाही. ती सॅक अडकवून चालत गेली, स्कार्फ घट्ट, कुणाकडे न बघता. डाग शनिवारी मॅडमनी पाहिला होता. संजना सोबत गेली होती. मॅडमनी वाफेचा म्हणून लिहून घेतला आणि राहील म्हणाल्या. प्रॅक्टिकलचं नाव कुणी काढलं नाही, हर्षलानेही नाही. तरी ती आली होती, मंगळवार म्हणून. नीलेश पलीकडच्या चहाच्या गाड्याच्या आडोशाला उभा राहिला. वरच्या मजल्याच्या खिडकीला आतून काळा कागद लावलेला होता. आता आत निळं झालं असेल, त्याने हिशेब केला. आता ती चष्मा लावून पडली असेल, आणि खुर्ची रिकामी असेल, आणि तिचं तोंड कुणीच बघत नसेल. हे तिला बरं वाटत असेल. तिला बरं वाटतंय हे आपल्याला बरं वाटायला पाहिजे, असं त्याने स्वतःला दोन-तीनदा सांगितलं, पण त्यातून काही निघालं नाही. चहाचा ग्लास हातात तसाच राहिला, साय धरली.

"काय शेट! भर दुपारी बाजारात?"

वाल्मिक होता, चौक गावचा, तयार कोंबड्या उचलायला पिकअप घेऊन येणारा. शर्टाला पिसं चिकटलेली. त्याने न विचारता नीलेशच्या पाठीवर थाप मारली आणि गाडीवाल्याला कटिंग सांगितला. "पिल्लं बरी हायत ना? मरतूक?"

"बरी हायत."

"आनि पोरगी? बारावीला ना यंदा? आमची पन दहावीला हाय, नुसती आरशापुढं. मगाशी एक पोरगी त्या जिन्यावर चढताना बघितली, स्कार्फवाली. तोंड काय दिसलं नाय, पन चालणं बघितलं नि म्हटलं, अरे, हे तर हुबेहूब नीलेशशेट." तो हसला, चहाचा भुरका मारलान. "तुमचीच ना रं ती?"

नीलेशने वर बघितलं नाही.

"नाय रं," तो म्हणाला. "माझी कुठली? मी एकटाच आलोय."